मॉनिटरचं डोकं

रविवारी सकाळी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर उवांची एसटी लागली होती. हे नाव मायाने ठेवलेलं. सगळ्यात खालच्या पायरीवर एक मुलगी, तिच्या मागे वरच्या पायरीवर दुसरी, तिच्या मागे तिसरी. प्रत्येकीने आपल्या पुढचीच्या डोक्यात फणी घालायची. सगळ्यात वर बसायची मॉनिटर शुभ्रा. तिच्या मागे कुणी नसे, त्यामुळे तिचं डोकं कुणी बघतही नसे. मॉनिटरला कुठं उवा होतात?

शुभ्रा दहावीतली, भोरच्या वकिलांची लेक. तिच्या पुढ्यात आज सहावीतली ठकी बसली होती. विंझरजवळच्या वाडीतली ही पोर दिवाळीनंतरच वसतिगृहात आली होती. फणी एकदा फिरली आणि शुभ्राच्या मांडीवरच्या टॉवेलावर चांगल्या टपोऱ्या उवा पडल्या. शुभ्राने त्या नखाने चिरडून टॉवेल झटकला.

वसतिगृहाच्या गृहमाता कुंदाबाई कात्री घेऊनच उभ्या होत्या. उवा सापडल्या की केस कानापर्यंत कापायचे, हा त्यांचा नियम. बाई काही दुष्ट नव्हत्या; एवढ्या पोरी, पाणी एक दिवसाआड, त्या तरी काय करणार. पण ठकीने भोकाडच पसरलं. गुरुवारी तिच्या भावाचं लग्न होतं आणि ती करवली होती. परकर-पोलकं शिवून झालं होतं, गजरा माळायचं ठरलं होतं, आणि आता भुंड्या मानेची करवली बघून पाव्हणे काय म्हणतील, आई काय म्हणेल, हे ती हुंदक्या-हुंदक्यांतून सांगत राहिली.

केस काय, परत वाढतात, असं म्हणून बाईंनी शुभ्राला ठकीचे खांदे धरायला सांगितलं. शुभ्राने धरले. वाईट वाटलं तिला, नाही असं नाही. गेल्या वर्षी तिच्याही डोक्यात झाल्या होत्या. तेव्हा वडिलांनी भोरहून औषधाची बाटली आणून दिली, कुंदाबाईंनी तिला स्वतःच्या खोलीत नेऊन ते चोळलं, आणि कुणाला कानोकान कळलं नाही.

"थांबा की बाई," खालून माया म्हणाली.

ही माया नववीतली. जिभेला हाड कसलं ते नाहीच. मागे एकदा संस्थेच्या पाहुण्यांनी जेवण कसं असतं म्हणून विचारलं, तर आमटी भाटघर धरणात बुडी मारून येते, असं सांगून मोकळी झाली होती. त्यापायी आठवडाभर पातेली घासली, पण शहाणपण आलं नाही. कुंदाबाईंची कात्री तिच्या डोक्यावरून दोनदा फिरून गेली होती; केस अजून कानाखाली उतरले नव्हते.

ती वर आली, शुभ्राच्या हाताजवळची फणी उचलली आणि थेट तिच्या मागे, व्हरांड्याच्या कडेवर जाऊन बसली. मागची सीट तपासायची ऱ्हायली, म्हणाली. पोरी फिदीफिदी हसल्या.

फणी शुभ्राच्या केसांवरून नुसती वरवर गेली. दात टाळूला लागलेसुद्धा नाहीत, हे शुभ्राला नीट कळलं. मग मायाने पुढे हात करून फणी टॉवेलावर आपटली, आणि पांढऱ्या टॉवेलावर एक ऊ तुरुतुरु चालू लागली. ठकीचीच ती, फणीत अडकून राहिलेली. पोरींचं हसू जागच्या जागी थांबलं.

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. "शुभ्रा, तुझ्या डोक्यातली आहे ही?"

शुभ्राच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! नाही म्हटलं की संपलं होतं. मायावर विश्वास कोण ठेवणार? ती पुन्हा पातेली घासायला जाईल आणि बाई ठकीची वेणी हातात घेतील. ठकीचे खांदे अजून तिच्या हाताखालीच होते, आणि ते थरथरत होते.

"हो बाई," शुभ्रा म्हणाली.

"मंग पैली येनी कुनाची, बाई?" मायाने अगदी नम्रपणे विचारलं. "ठकीची का मॉनिटरची?"

कुंदाबाईंनी कात्रीकडे पाहिलं, मग शुभ्राच्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे. वकीलसाहेब पुढच्याच रविवारी लेकीला भेटायला यायचे होते. थंडीचे दिवस आहेत, केस कापले तर पोरींना सर्दी होते, हे बाईंना एकाएकी आठवलं. कात्री पदराआड गेली आणि स्वयंपाकाच्या रतनबाईंना औषध आणायला विंझरला पिटाळण्यात आलं.

दुपारी शुभ्रा आणि ठकी डोक्याला औषध चोपडून, वर टॉवेल गुंडाळून उन्हात बसल्या. शुभ्राच्या टाळूची आग आग होत होती. माया डोकी धुण्यासाठी पाण्याची बादली घेऊन आली, तशी शुभ्राने तिला हळूच पण दात खाऊन विचारलं, डोकंच पुढं करायचं होतं तर स्वतःचं का नाही केलंस?

मायाने बादली खाली ठेवली. "माजं म्होरं केलं असतं, तर कात्री दोगींवर बी चालली असती."

ती गेली. शुभ्राला तिचा राग आला होता तो तसाच राहिला. तेवढ्यात ठकी सरकत सरकत तिला खेटून बसली.

"ताई, तुला बी लई चावत्यात का गं?"

शुभ्राने टॉवेलात बोट घालून डोकं खाजवलं.

"लई," ती म्हणाली.