संकष्टीची फुलं

वंदनाने झाडावरचं सगळ्यात मोठं लाल जास्वंद तोडलं आणि कुणाच्याही परडीत न टाकता स्वतःच्या अंबाड्यात खोवलं.

फुलं न्यायला परड्या घेऊन फाटकाशी उभ्या असलेल्या चौघीजणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

वाटूरच्या त्या गल्लीतल्या गणपतींना दर संकष्टीला वंदनाच्याच अंगणातली फुलं जायची. नवरा अपघातात गेला, त्यानंतर दोन वर्षांत तिने ही बाग उभी केली होती. तेलाच्या रिकाम्या डब्यांत फांद्या खोचल्या. उन्हाळ्यात टँकर आठ-आठ दिवस फिरकला नाही, तेव्हा तांदूळ धुतलेल्या पाण्यावर रोपं जगवली. पांढरी कीड पडली की जुन्या टूथब्रशने एकेक फांदी घासत बसली. आता लाल, पिवळी, केशरी मिळून जास्वंदीची बावीस झाडं होती.

काल शेजारच्या कांताबाईने पुतणीच्या हळदीसाठी दोन परड्या फुलं सांगितली होती. जाता जाता हेही सांगितलं, की फुलं कुणाच्या तरी हाती पाठव, तू मात्र मांडवात येऊ नको.

त्याच कांताबाईने आता फाटकाशी उभं राहून वंदनाच्या सासूला हाक मारली. उषाबाई बाहेर आल्या. त्यांची सत्तरी उलटली होती. सव्विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून त्यांनी केसांना पाकळीसुद्धा लागू दिली नव्हती.

"बघा, तुमची सून काय करून राह्यली," कांताबाई म्हणाली.

उषाबाई एकेक पायरी उतरून आल्या. वंदनाने मान खाली घातली नाही.

"मी काढणार न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "देवाला चालतं, मंग मला का न्हाई?"

उषाबाईंनी हात वर केला आणि सुनेच्या अंबाड्यातलं फूल काढून घेतलं. कांताबाईने समाधानाने परडी पुढे केली. वंदनाचे डोळे भरून आले.

उषाबाई त्या फुलाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी ते आपल्या पांढऱ्या केसांत खोवलं.

"हे मला ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू दुसरं तोड."