उसना हात

प्रयोग संपला, तसा संशोधक मॅडमनी मावशींना बसवलेला यांत्रिक हात परत मागितला. नियमावर बोट ठेवायला काय जातं!

"लेकीची वेणी तेवढी घालू द्या," मावशी म्हणाल्या.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मावशींनी निमूट हात काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी कपाटात ठेवलेल्या त्या हाताची बोटं हलू लागली, वेणीचे पेड गुंफावेत तशी. मॅडमनी बॅटरी काढली, तरी थांबेनात. शेवटी कुलूप लावून त्या कपाटाकडे पाठ करून कामाला बसल्या.

संध्याकाळी शिपाई म्हणाला, "मॅडम, वेणी शोभतेय हो तुम्हाला."

मॅडमनी मानेमागे चाचपलं. सकाळी त्या केस मोकळे सोडूनच आल्या होत्या. वेणी घट्ट होती, शाळेत निघालेल्या पोरीची घालतात तशी.