मोज्यातले शंख

वास गादीलाच येतोय असं भाड्याच्या खोलीत उतरलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने ठरवलं, आणि मालकीणबाईंनी गादी ओढायला घेतली. साठीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले, मदतीला कोणी नाही. जिन्यावरून गादी एकेक पायरी आपटत खाली गेली. नवरा गॅलरीतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. एका हाताने नाकाला रुमाल, दुसऱ्या हाताने मोबाइल.

दोन महिन्यांतलं हे त्या जोडप्याचं पाचवं बेट. पाठीला बॅगा, अंगाला मीठ, दर चार दिवसांनी नवा किनारा. ओल्या टॉवेलांचा वास, बोटीतल्या डिझेलचा, परक्यांच्या केसांनी तुंबलेल्या मोऱ्यांचा, सगळे बायकोने मुकाट गिळले होते. हा मात्र गिळवत नव्हता. परवापासून खोलीत काहीतरी मेलेलं होतं. मालकीणबाईंनी तीनदा फिनेलने फरशी पुसली, मोरीत उकळतं पाणी ओतलं, कपाट सरकवून उंदीर शोधला. तरी नवऱ्याने काल दुपारी रिव्ह्यू लिहून टाकलाच. ‘किळसवाणी खोली. इथे कुत्रंही राहणार नाही.’ खातं दोघांचं मिळून एकच, त्यावर फोटो गालाला गाल लावलेला. मालकीणबाई घाबरल्या आणि समुद्राकडची मोठी खोली देते म्हणाल्या. ती आज रिकामी होणार होती.

म्हणून बायको सामान आवरत होती. नवऱ्याची बॅग उचलली आणि वासाचा भपकाराच आला. बाजूच्या कप्प्यात गाठ मारलेला एक मोजा होता, तपकिरी पाण्याने भिजलेला. गाठ सोडली तर आत पाच शंख, आणि प्रत्येकातून बारक्या खेकड्याचे मऊ पडलेले पाय लोंबत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण कळशाला निदान अशी घाण येत नाही.

पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी बजावलं होतं. शंख वेचलेत तर रात्रभर अंगणातल्या कट्ट्यावर ठेवा. आत कोणी राहत असेल तर ते चालत निघून जाईल. सकाळी जागेवर असतील तेवढेच आपले. नवऱ्याने तेव्हा शहाण्यासारखी मान डोलावली होती. खोलीत आल्यावर म्हणाला होता, ‘‘आणि सगळेच चालत गेले तर? उन्हात कंबर मोडून वेचलेत मी.’’

तिने मोजा लांब धरून गॅलरीत नेला.

‘‘अरे, हे बघ.’’

त्याने मोज्याकडे पाहिलंच नाही. आधी जिन्याकडे पाहिलं.

‘‘हळू बोल.’’

‘‘म्हणजे तुला माहीत होतं?’’

‘‘काल संध्याकाळी कळलं. पण तोवर बाई मोठी खोली द्यायला तयार झाली होती. म्हटलं, चालू दे.’’

‘‘त्या गादी ओढतायत खाली.’’

‘‘ओढू दे की. जुनीच आहे.’’ त्याने मोज्याची गाठ पुन्हा आवळली आणि हात तिच्या टॉवेलला पुसले. ‘‘जा, समुद्रात टाकून ये. आणि तोंड असं करू नकोस, तुझ्यासाठीच वेचले होते.’’

मोज्याची तिला आता तेवढी किळस वाटेना. ते बिचारे कोंडून मेले होते, सडणं काही त्यांच्या हातात नव्हतं. तिला किळस आली ती टॉवेलला पुसलेल्या बोटांची. काल रात्री त्याच बोटांनी त्याने तिला लाडाने घास भरवला होता. मोजा बॅगेत आहे हे ठाऊक असताना. जिना उतरता उतरता ती दोनदा थुंकली.

अंगणात मालकीणबाईंनी गादी सुरीने उभी फाडली होती. गुडघाभर कापसात बसून त्या मूठमूठ कापूस उपसून हुंगत होत्या.

‘‘काही सापडत नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण असणार. तुम्हाला वास येतोय म्हणजे असणारच. आज सकाळी दोघांनी यायचं रद्द केलं. या हंगामात आता तेवढेच यायचे राहिले होते.’’

त्यांच्या केसांत, भुवयांवर कापूस होता. बायकोने मोजा त्यांच्यापुढे ठेवला.

‘‘मावशी, वास आमचाच आहे.’’

मालकीणबाईंनी मोज्याचं तोंड उघडून पाहिलं. पुन्हा बंद केलं.

‘‘कट्ट्यावर नव्हते ठेवले?’’

‘‘नाही.’’

तिने खिशातून मोबाइल काढला आणि त्या गालाला गाल लावलेल्या फोटोखाली लिहिलं, ‘खोली स्वच्छ आहे. घाण आमच्याच बॅगेत होती.’ मालकीणबाईंना वाचून दाखवलं, मगच पाठवलं. मग मांडी घालून बसली आणि त्यांच्याबरोबर कापूस गोळा करू लागली.

वरून नवऱ्याने डोकं काढलं.

‘‘झालं का गं? मोठ्या खोलीतले गेले, चावी माझ्याकडेच दिली त्यांनी. बॅगा तेवढ्या त्या खोलीत घेऊन ये.’’

ती वर गेली. त्याची बॅग उचलून समुद्राकडच्या खोलीत, पांढऱ्याशुभ्र चादरीवर नेऊन ठेवली. त्या खोलीत खरंच छान वारा होता. स्वतःची बॅग मात्र पाठीला लावून ती पुन्हा अंगणात आली आणि कट्ट्यावर, शंख ठेवायच्या जागी, तिने ती उतरवली.

मालकीणबाईंनी बॅगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि गादीची फाटलेली कड चिमटीत धरून सुईत दोरा ओवायला घेतला.

‘‘पहिली बोट पहाटे असते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो उठायच्या आत.’’