नऊशे चौदा भेटी

"वर्षभरात एकवीस पेशंट! बाई, एवढ्यासाठी पाड्यावरचा दवाखाना चालवायचा?" ट्रस्टच्या साहेबांनी लॅपटॉप नर्स जनाबाईंकडे वळवला. दवाखाना बंद करण्याचा कागद सहीसाठी शेजारीच होता.

जनाबाईंनी चष्मा लावला. "या ओळीत बघा साहेब. पेशंट एक, भेटी नऊशे चौदा."

"बाप रे! एवढं आजारी कोण?"

"मी," जनाबाई हसल्या. "मोबाइल नंबराशिवाय तुमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. इथे फोन कितीजणांकडे? मग बाकी सगळ्यांना माझाच नंबर टाकला. त्यानं अख्खा पाडा एकच माणूस धरला."

"पण ते खरंच आले होते कशावरून?"

"दवाखाना दर सोमवारी असतो. कुठलाही सोमवार विचारा."

"होळीच्या आधीचा?"

"गंगी वाघेरा, विंचू चावला. तिचा दीर, हात भाजला. धाकलू, ताप. इंजेक्शन बघून पळाला, दोघांनी धरून आणला..."

साहेबांनी आणखी दोन सोमवार विचारले. बाई कुठेच अडखळल्या नाहीत. शेवटी साहेबांनी तो बंद करण्याचा कागद फाडला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

"सांगा बाई. प्रत्येकाची वेगळी नोंद करू."

जनाबाई ताठ बसल्या. "आधी चहा घ्या साहेब. माझी माणसं खूप आहेत."