गुरुवारची व्हिजिट

टेका राव जरा बाकड्याला. एक गोष्ट सांगतो. चहा निवायच्या आत संपंल.

चाकणच्या एका कंपनीच्या गेटावर कॉलेजची बस येऊन थांबली. डिप्लोमाची पोरं-पोरी. कंपनी बघायला आलेली. गेटला कुलूप. वॉचमन खिडकीला आरसा टांगून दाढी करत व्हता. त्यानं फेस बी पुसला न्हाई, तसाच उठला.

"काय हो सर, आज कुठं आलाय?"

"व्हिजिट आहे आमची," सुर्वे सर म्हणाले. "मेल टाकलाय."

"टाकला आसंल. पर आज गुरुवार हाय. मशीन बंद, माणसं घरी. मी आन ही दोन कुत्री, येवढीच कंपनी. बघायची तर बघा."

बसमधी हशा पिकला. आपल्या पट्ट्यात लई कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो. सुर्वे सर पडले चिपळूणचे. चुकले बिचारे.

हसला न्हाई तो एकटा सिद्धेश. व्हिजिट ठरल्यापासून त्याला ह्या दिसाची धास्ती व्हती. ह्याच कंपनीत त्याच्या बापाचा, भीमराजचा, उजवा हात प्रेसखाली गेला व्हता. पार मनगटापासून. मशीनचा सेन्सर बंद पडलेला, पर ठपका बापावर ठेवला. आन वर काय, तर व्हिजिटला येणाऱ्या पोरांना त्याच प्रेसपुढं उभं करून सांगायचे, "इथं एका ऑपरेटरनं हलगर्जीपणा केला, हात घालवून बसला. तुम्ही असं करू नका." मागल्या बॅचचा एकजण हसत हसत ते कॅन्टीनात सांगत व्हता. सिद्धेशनं ऐकलं आन ताट तसंच ठेवून उठला. वर्गात त्यानं बापाचं कधी काढलंच न्हवतं. आता सगळ्यांच्या मधी उभं राहून ते ऐकायचं. न यावं, तर सर कारण इचारणार.

कुलूप बघितलं आन पोराचा जीव भांड्यात पडला.

मग हळूहळू त्याला दिसाय लागलं. आत जायचं तर बूट लागतात, सरांनी बजावलं व्हतं. बूट घालून आलेला तो एकटाच. मिनल चपलेवर. आयुषच्या मांडीवर बॅट. जयदीपच्या आईनं तर अख्ख्या बसला पुरतील येवढी धपाटी बांधून दिलेली. कंपनी बघायला जाताना बॅट कोण घेतं?

"ए मिनल, तुम्हाला माहीत होतं आज सुट्टी आहे?"

"आमचा बाप दर गुरुवारी बारापर्यंत घोरतो. भिंती हालतात," मिनल म्हणाली. "मला नाही कळणार? सगळ्यांच्याच घरी गुरुवार असतो रे."

सिद्धेशच्या घरी न्हवता. हात गेला तसा बाप निगडीच्या बस स्टँडपाशी मोबाइलच्या कव्हरांची टपरी लावतो. टपरीला कसली सुट्टी? म्हणून एकट्या त्याच्याच ध्यानात आलं न्हाई.

"मग सरांना सांगितलं का नाही?"

मिनल खिडकीभाईर बघाय लागली. "तुझ्या बाबांना आतून गेटपर्यंत माझ्या पप्पांनीच खांद्यावर आणलं होतं. चूक कुणाची होती, ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीय." मग तिनं त्याच्या हातात धपाटं कोंबलं. "खा आता. थोबाड बघ कसं केलंय!"

आयुष मागनं वराडला, "भावा, पहिली बॅटिंग तुझी!"

म्होरल्या माळावर पोरं ऊन उतरंस्तोवर खेळली. सिद्धेशनं रना किती काढल्या, म्हाईत न्हाई. पर दिसभर त्याच्या डोळ्यांत धूळ जात व्हती, येवढं खरं.

कॉलेजात परत आल्यावर प्रिन्सिपॉलनी सुर्वे सरांना फैलावर घेतलं. आवाज पार जिन्यापर्यंत. "एवढं साधं कळत नाही तुम्हाला? त्यांची तारीख परत मिळायची नाही. शोधा आता दुसरी कंपनी!"

सर मान खाली घालून भाईर आले. आपल्यापायी ह्या माणसानं बोलणी खाल्ली, सिद्धेशला राहवंना. तो जिन्यात आडवा आला.

"सर, चूक तुमची नाही. पोरांना सगळं माहीत होतं. माझ्यासाठी गप्प बसली ती. मी सांगतो आत जाऊन."

सरांनी त्याचा दंड धरला. "अरे, थांब जरा. मी भोसरीत भाड्याने राहतो. दर गुरुवारी आमचा घरमालक सकाळपासून बनियनवर गॅलरीत बसलेला असतो. मला गुरुवार कळत नाही होय?"



सरांनी खिशातला मोबाइल काढला. "हे कव्हर तुझ्या बाबांनी चढवून दिलं. एका हाताने. चांगला तासभर गप्पा मारल्या आम्ही. कंपनी वरून ठरून आली होती, बाबा. वार तेवढा मला ठरवता आला."

 सिद्धेश पाया पडायला वाकला, तवर सर जिना उतरून गेले बी.

ती पोरं अजून छाती फुगवून सांगत फिरतात, आमी सरांना कसं गंडवलं. तवा राव, येवढं करा माझ्यासाठी. कुठं भेटली ती, तर हसा, टाळी द्या, पर सरांना ठावं व्हतं हे त्यांना सांगू नका.