दारापुढचा पेंढा

घरात कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं, की दारापुढच्या रस्त्यावर पेंढा अंथरायची लंडनच्या मेफेअर या उच्चभ्रू वस्तीची रीत होती. बग्ग्यांच्या चाकांचा खडखडाट आजाऱ्याच्या कानी पडू नये, एवढ्याचसाठी.

लग्नाला जेमतेम दीड महिना झालेली कॉन्स्टन्स टोप्यांची खरेदी आटोपून मावशीच्या बग्गीतून घरी निघाली होती. वाटेत मावशीचं पुन्हा सुरू झालं. "दोन बायका गेल्या त्याच्या, आता तिसरी तू. एवढं लंडन पडलं होतं, तुला हाच लॉर्ड बरा सापडला?"

"जीव लावतो गं अँब्रोज मला," कॉन्स्टन्स हसली. "साधी शिंक आली तरी डॉक्टरला बोलावणं धाडतो."

"डॉक्टर त्या दोघींनाही आणला होता हो!"

कॉन्स्टन्स काही बोलणार, तोच चाकांचा आवाज एकाएकी बुडाला. बग्गी तर चालतच होती. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. तिच्याच दारापुढे एक अनोळखी गडी जाडजूड पेंढा पसरत होता.

तिने बग्गी थांबवायला लावली. सकाळी तर अँब्रोज चांगला हसतखेळत होता!

"अरे, कोण आजारी आहे या घरात?" तिने कसंबसं विचारलं.

गड्याने डोक्यावरची टोपी काढली आणि आवाज खाली आणला.



"नव्या बाईसाहेब. आजची रात्र काही काढत नाहीत, असं खुद्द लॉर्डसाहेबच म्हणाले."