सीलबंद

म्हाळू रोज लिंबागणेशहून फटफटीवर बीडला येऊन दुधाचा रतीब घालतो. मैनुद्दीनचाचांच्या घरीही त्याचंच दूध. काल ऑईल बदलायला तो चाचांच्याच गॅरेजात गेला, पण मिस्त्री तेवढे चोर, हे त्याचं ठाम मत.

"चाचा, डब्याचं सील माज्यासमोर फोडा. तुमच्या धंद्यात लई भेसळ चालती."

चाचांनी त्याच्यासमोर सील फोडलं. म्हाळूनं डब्यात बोट बुडवलं, ऑईल चिमटीत चोळलं, अत्तर पारखावं तसा वास घेतला.

"जरा पातळच वाटतंय."

चाचांनी जुनं ऑईल थेंब थेंब निथळू दिलं, नवं ओतलं, रिकामा डबा उलटा करून दाखवला. तेव्हा कुठं म्हाळूनं किक मारली.

"वाईट वाटून घेऊ नका, चाचा. पर डोळ्यांनी बघितल्याबिगर आपुन कुणावर इश्वास ठिवत न्हाई."

"बराबर हाय बेटा," चाचा फडक्याला हात पुसत म्हणाले. "उद्यापास्नं माज्या घरी दूध आणू नको.


म्हैस घेऊन ये."